दूरस्थ चक्री वादळे व किनारी हवामान

उष्ण कटिबंधी महासागरावर निर्माण झालेले तीव्र चक्री वादळ भूमीवर न येता किनाऱ्यापासून काही शे किलोमीटर अंतरावरून समुद्रातच पुढे सरकत असते, तेव्हा किनारपट्टीवर एक विशिष्ट प्रकारची वातावरणीय व सागरी परिस्थिती उद्‌भवते. अशा वेळी आकाश पुष्कळदा निरभ्र असते, वारा मंद असतो आणि पाऊस मुळीच नसतो. तथापि समुद्र मात्र खवळलेला असतो. वादळाच्या सर्व परिणामांत लाटांचा परिणाम सर्वांत दूरवर पोहोचतो व सर्वांत आधी पोहोचतो. आकाश व समुद्र यांच्या वागणुकीतील ही विसंगती हेच दूरस्थ वादळाचे प्रमुख लक्षण होय आणि अनेक मृत्यूंचे कारणही तीच ठरली आहे.

वाऱ्याचा सातत्याचा वेग ताशी ११९ किमी. किंवा त्याहून अधिक असलेल्या उष्ण कटिबंधी वादळांना अटलांटिक महासागरात हरिकेन व वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात. हिंदी महासागरातील अशा वादळांचा उल्लेख चक्री वादळे असा करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा (अ. सं. सं.) पूर्व किनारा हा दूरस्थ वादळांच्या परिणामांचा सर्वांत चांगला अभ्यासिलेला प्रदेश आहे. तेथील पुष्कळ हरिकेने पश्चिमेकडे सरकत येऊन किनाऱ्यालगत पोहोचण्यापूर्वीच उत्तरेस व नंतर ईशान्येस वळतात आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर जाऊन मध्य कटिबंधात विलीन होतात. अरबी समुद्रात निर्माण होणारी काही चक्री वादळेही याच रीतीने कोकण किनाऱ्याला समांतर अशी उत्तरेकडे जातात.

वादळाचा विस्तार व वाऱ्याची दिशा : वादळाच्या केंद्राभोवतीचे अतितीव्र वारे सामान्यतः काही दशक किलोमीटरांच्या पट्ट्यातच सामावलेले असतात. त्याबाहेर वाऱ्याचा वेग झपाट्याने कमी होतो. मात्र वादळाचा एकूण विस्तार सर्वत्र सारखा नसतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या ट्रेसी या वादळात झंझावाती वारे केंद्रापासून सुमारे ५० किमी. पर्यंतच वाहत होते. याउलट १९७९ साली पॅसिफिकमध्ये निर्माण झालेल्या टिप या टायफूनचा व्यास सुमारे २,२०० किमी. भरला होता. त्यामुळे वादळ किती दूर आहे एवढे कळून भागत नाही. ते किती विस्तृत आहे हेही कळावे लागते.

उत्तर गोलार्धात चक्री वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. डच वातावरणवैज्ञानिक बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र निरीक्षकाच्या डाव्या हातास असते. या नियमाच्या साहाय्याने किनाऱ्यावरील मनुष्यास कोणतेही उपकरण न वापरता वादळाचे स्थान अजमावता येते. पूर्वेकडे समुद्र असलेल्या किनाऱ्यावर हरिकेन आग्नेयीस असताना वारा ईशान्येकडून येतो, ते थेट पूर्वेस आले की उत्तरेकडून आणि ते ईशान्येस निघून गेले की वायव्येकडून वाहू लागतो. कोकणासारख्या पश्चिमेकडे समुद्र असलेल्या किनाऱ्यावर हा क्रम उलटा असतो. वादळ नैर्ऋत्येस असताना वारा आग्नेयीकडून, ते पश्चिमेस आले असता दक्षिणेकडून आणि ते वायव्येस गेले असता नैर्ऋत्येकडून येतो.

या भेदाचे परिणाम महत्त्वाचे आहेत. उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूस वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते, तर डाव्या बाजूस तेवढीच घट होते. अ. सं. सं.चा पूर्व किनारा समांतर जाणाऱ्या वादळाच्या डाव्या, म्हणजे तुलनेने सौम्य बाजूस येतो आणि त्या किनाऱ्यावर भूमीवरून येणारी कोरडी हवा खेचली जाते. कोकण किनारा मात्र उजव्या, म्हणजे उग्र बाजूस येतो आणि तेथे समुद्रावरील बाष्पयुक्त हवा लोटली जाते. सारख्याच तीव्रतेचे वादळ सारख्याच अंतरावरून गेले, तरी या दोन किनाऱ्यांवरील हवामान सारखे नसते ते यामुळे.

आकाश, उष्मा व दाब : वादळाच्या गाभ्यात वर चढलेली हवा सुमारे १२ ते १५ किमी. उंचीवर चहूकडे पसरते व तिच्यातील हिमकणांचे तंतुमेघ शेकडो किलोमीटर दूरवर जातात. क्षितिजावरील एकाच बिंदूपासून पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकलेले असे तंतुमेघ दिसणे, सूर्य किंवा चंद्र यांच्याभोवती खळे पडणे आणि उदयास्ताच्या वेळी आकाश ताम्रवर्णी होणे ही पूर्वचिन्हे खलाशांना दीर्घकाळापासून परिचित होती. हाव्हॅना येथील बेलेन वेधशाळेचे संचालक व जेझुइट धर्मगुरू बेनितो विन्येस (१८३७–९३) यांनी या निरीक्षणांना शास्त्रीय शिस्त लावली. तंतुमेघांच्या फाकण्याचा बिंदू व निरनिराळ्या उंचीवरील मेघांच्या गती यांवरून दृष्टीआड असलेल्या हरिकेनाची दिशा ठरविण्याची पद्धती त्यांनी विकसित केली आणि १८७५ मध्ये क्यूबासाठी हरिकेनाची पूर्वसूचना प्रसिद्ध केली. कृत्रिम उपग्रहांच्या पूर्वीच्या काळात ही पद्धती विशेष उपयुक्त ठरली.

वर पसरलेली हवा वादळाच्या परिघाबाहेर सावकाश खाली उतरते. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाऊन दर किलोमीटरास सुमारे १०° से. इतकी तापते. परिणामतः राशिमेघांची वाढ खुंटते, आकाश निवळते, हवा धूसर व कोंदट होते आणि उष्मा जाणवू लागतो. त्यातच भूमीवरून समुद्राकडे वारा वाहत असल्यास दुपारचा थंडावा देणारे खारे वारे किनाऱ्यावर येऊ शकत नाहीत. वादळ येण्यापूर्वीचा दिवस पुष्कळदा असाधारण शांत व उकाड्याचा असतो असा जो सार्वत्रिक अनुभव आहे, त्याचे कारण हे आहे. याच उकाड्यामुळे लोक मोठ्या संख्येने समुद्रस्नानास जातात, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

केंद्रापासून काही शे किलोमीटरांवर वातावरणीय दाबातील घट थोड्याच मिलिबारांची असते. उष्ण कटिबंधात दाबाला दररोजची नियमित भरती-ओहोटी असते. तो सकाळी व रात्री दहाच्या सुमारास कमाल आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास किमान असतो. या नियमित आंदोलनाशी न जुळणारी सततची घट दिसू लागली, तर ती वादळाचे चिन्ह समजतात. पावसाच्या दृष्टीने बाह्य मेघपट्टे महत्त्वाचे असतात. सर्पिल आकाराचे हे पट्टे केंद्रापासून बरेच दूर पसरलेले असल्याने किनाऱ्यावर जोरदार सर, मग ऊन व पुन्हा सर असा प्रकार घडतो. दोन पट्ट्यांमधील उघडीप म्हणजे वादळाचा शेवट नव्हे.

लांब पल्ल्याच्या लाटा : वादळी वाऱ्यामुळे समुद्रावर निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकाच वेळी उत्पन्न होतात. वादळाच्या क्षेत्रातून बाहेर पडल्यावर त्यांची आपोआप वर्गवारी होते. कारण खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकालावर, म्हणजे दोन लागोपाठच्या शिखरांमधील कालावधीवर अवलंबून असतो. १६ सेकंद आवर्तकालाच्या लाटेची लांबी सुमारे ४०० मी. असते आणि अशा लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किमी. वेगाने पुढे जातो. ८ सेकंद आवर्तकालाच्या लाटेची लांबी सुमारे १०० मी. व तिच्या समूहाचा वेग त्याच्या निम्मा असतो. अर्थात १,००० किमी. अंतर पहिल्या प्रकारच्या लाटा सुमारे २२ तासांत, तर दुसऱ्या प्रकारच्या लाटा ४४ तासांत तोडतात. उष्ण कटिबंधातील वादळ ताशी १५ ते २५ किमी. वेगाने सरकत असते. त्यामुळे लांब लाटा वादळाच्या पुष्कळ आधी किनाऱ्यास लागतात. वादळ ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने निघालेल्या लाटांना वाऱ्याचा जोर अधिक काळ मिळत राहतो. म्हणून वादळाच्या उजव्या बाजूच्या लाटा सर्वांत मोठ्या होतात.

लांब लाटा प्रवासात फारच थोडी ऊर्जा गमावतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्य उतरविण्यासाठी किनाऱ्यावरील लाटांचे पूर्वानुमान करणे आवश्यक झाले, तेव्हा हाराल्ड स्व्हेर्‌ड्रप व वॉल्टर मुंक यांनी त्याची पद्धती तयार केली. पुढे मुंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातील वादळांपासून निघालेल्या लाटांचा संपूर्ण पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत माग काढला.

खोल समुद्रात अशी लाट नजरेत भरत नाही. तिची उंची एक-दोन मीटरच असते व शिखरे परस्परांपासून फार दूर असल्याने पृष्ठभाग मंदपणे वरखाली होत असल्यासारखा दिसतो. परंतु पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळाचा स्पर्श जाणवू लागतो. १६ सेकंदांच्या लाटेच्या बाबतीत हे सुमारे २०० मी. खोलीवरच घडू लागते. उथळ पाण्यात तिचा वेग घटतो, तिच्यातील ऊर्जा थोड्या अंतरात दाटते व तिची उंची वाढते. उंची सारखी असली तरी १६ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेच्या सुमारे दुप्पट शक्ती किनाऱ्यावर आणते. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमधील अंतर घड्याळ लावून मोजणे ही म्हणूनच साधी पण उपयुक्त कसोटी आहे. स्थानिक वाऱ्याच्या लाटा सामान्यतः पाच ते आठ सेकंदांनी फुटतात. वारा नसताना हे अंतर १४ ते १८ सेकंदांवर गेले, तर दूरवर मोठे वादळ असल्याचे ते द्योतक असते.

या लाटा समूहाने येतात. काही मोठ्या लाटांनंतर अनेक मिनिटे समुद्र शांत भासतो व पुन्हा मोठ्या लाटांचा समूह येतो. या मधल्या शांततेमुळे खडकावर किंवा धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांची फसगत होते. २३ ऑगस्ट २००९ रोजी बिल हे हरिकेन अ. सं. सं.च्या ईशान्य किनाऱ्यापासून दूर समुद्रातून जात असताना मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानात लाटा पाहण्यासाठी लोक जमले होते. एका मोठ्या लाटेने त्यांपैकी अनेकांना खडकावर आपटले व तिघांना समुद्रात ओढून नेले. त्यांतील एक सात वर्षांची मुलगी मरण पावली.

ओढीचे प्रवाह : फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाळूच्या दांड्यांमधील खाचांतून अरुंद प्रवाहाच्या रूपाने वाहते. लांब लाटा अधिक पाणी किनाऱ्यावर आणीत असल्याने हे प्रवाह त्या वेळी विशेष प्रबळ होतात. त्यांचा वेग कित्येकदा सेकंदास दोन मीटरांवर जातो व पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याविरुद्ध पोहता येत नाही. प्रवाहाच्या जागी पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात. त्यामुळे तीच जागा सर्वांत शांत दिसते आणि पाण्यात उतरणारे तीच निवडतात. प्रवाहात सापडल्यास त्याविरुद्ध न झगडता तरंगत राहणे व किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडणे हा सर्वमान्य उपाय आहे.

जुलै २००८ मध्ये बर्था हे हरिकेन अ. सं. सं.च्या किनाऱ्यापासून फार दूर अटलांटिकमध्ये असताना न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर तीन जण अशा प्रवाहांत बुडाले. १९६३ ते २०१२ या काळात अटलांटिकमधील वादळांमुळे त्या देशात प्रत्यक्षपणे झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे सहा टक्के मृत्यू किनाऱ्यावरील लाटा व ओढीचे प्रवाह यांमुळे झाले. वादळ भूमीवर आले नाही म्हणजे धोका टळला ही समजूत या आकड्यावरून चुकीची ठरते.

जलपातळीतील वाढ : दाबात एक मिलिबार घट झाली असता समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. दूरस्थ वादळाच्या बाबतीत ही वाढ अल्प असते. अधिक महत्त्वाचा परिणाम किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्याचा होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उद्‌भवणाऱ्या कोरिऑलिस प्रेरणेमुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातील पाणी एकूण वाऱ्याच्या उजवीकडे सरकते. वादळ समुद्रात असताना उत्तर गोलार्धातील किनारा अशा समांतर वाऱ्याच्या उजवीकडेच येतो, मग तो अटलांटिकचा पश्चिम किनारा असो वा अरबी समुद्राचा पूर्व किनारा. दोन्हीकडे पाणी किनाऱ्याकडे सरकून पातळी वाढते. सप्टेंबर २००८ मध्ये आइक हे हरिकेन टेक्ससच्या किनाऱ्यापासून बरेच दूर असताना, तेथील वारे अद्याप माफक असतानाच, जवळजवळ एक दिवस आधी पाणी सुमारे दोन मीटर चढले होते. तत्पूर्वी एका शतकापेक्षा अधिक काळापूर्वी, ८ सप्टेंबर १९०० रोजी, त्याच किनाऱ्यावरील गॅल्व्हस्टन येथे वारा भूमीकडून विरुद्ध दिशेने वाहत असूनही लाटा व पाणी चढत असल्याचे तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी नोंदविले होते. त्या दिवशीच्या हरिकेनात किमान सहा हजार लोक मृत्युमुखी पडले.

लांब लाटा व अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची उधाणाची भरती यांचा संयोग झाल्यास पाणी वाळूचे बांध ओलांडून वस्तीत शिरते. ऑगस्ट २०२५ मध्ये एरिन हे हरिकेन अटलांटिकमध्ये पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचले होते. ते भूमीवर न येता नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातून निघून गेले. परंतु अमावास्येच्या सुमारास आलेल्या त्याच्या लाटांमुळे हॅटेरस बेटावरील महामार्ग जलमय झाला आणि न्यूयॉर्क व न्यू जर्सीपर्यंतच्या पुळणींवर समुद्रस्नानास बंदी घालावी लागली.

अरबी समुद्र व कोकण किनारा : अरबी समुद्रातील चक्री वादळे मुख्यतः मॉन्सूनपूर्व (मे-जून) व मॉन्सूनोत्तर (ऑक्टोबर ते डिसेंबर) काळात निर्माण होतात. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार हे वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेस सुमारे २०० किमी. पर्यंत आले व तेथून पश्चिमेकडे वळले. २००७ मधील गोनू या वादळानंतर अरबी समुद्रात महाचक्री वादळाच्या श्रेणीस पोहोचलेले ते पहिले वादळ होते. ते भूमीवर कधीच आले नाही. तरीही सिंधुदुर्ग व गोवा येथील किनाऱ्यांवर त्याच्या लाटांनी हानी केली. दिवाळीच्या अमावास्येनंतरच्या भरतीत कराचीनजीकच्या मच्छीमार वस्त्यांतही पाणी शिरले.

तौक्ते हे वादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेस गेले व त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचले. मुंबई वादळाच्या उजव्या बाजूस आल्याने कुलाबा येथे वाऱ्याचा झोत ताशी ११४ किमी. पर्यंत गेला आणि सांताक्रूझ येथे २४ तासांत सुमारे २३० मिमी. पाऊस पडला. मुंबई हाय या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासाचा एक बार्ज नांगर सुटून भरकटला व बुडाला. त्यात सत्तरांहून अधिक माणसे मरण पावली.

बिपरजॉय या वादळाचे वर्तन याहून वेगळे होते. जून २०२३ मध्ये ते मुंबईपासून काही शे किलोमीटर अंतरावरून सावकाश उत्तरेकडे गेले व १५ जून रोजी कच्छमधील जखाऊजवळ भूमीवर आले. मुंबईत त्याचा पाऊस असा फारसा झाला नाही. समुद्र मात्र खवळलेला होता आणि १२ जून रोजी जुहू येथे पाण्यात उतरलेल्या मुलांपैकी चार जण बुडून मरण पावले. या वादळाच्या काळात मॉन्सूनची वाटचालही मंदावली. केरळमध्ये तो ८ जून रोजी, तर मुंबईत २५ जून रोजी पोहोचला. [→ मॉन्सून].

केरळच्या किनाऱ्यावर स्थानिक वारा-वादळ नसताना अकस्मात येणाऱ्या लांब लाटांना तेथील मच्छीमार ‘कल्लक्कडल’ (चोरासारखा येणारा समुद्र) म्हणतात. त्यांचा उगम सामान्यतः दक्षिण महासागरातील वादळांत असतो. लाट व तिचे कारण यांमध्ये किती अंतर असू शकते, हे या नावावरून चांगले स्पष्ट होते.

पूर्वसूचना व दक्षता : भारतीय बंदरांवर लावण्यात येणाऱ्या इशाऱ्याच्या बावट्यांमध्ये दूरस्थ व स्थानिक धोका असा भेद पूर्वीपासून केलेला आहे. क्रमांक १ व २ चे बावटे दूर समुद्रातील वादळी हवामान दर्शवितात, तर क्रमांक ३ पासूनचे बावटे खुद्द बंदराला संभवणारा धोका दर्शवितात. क्रमांक १ चा बावटा बंदरातील लोकांच्या दृष्टीने किरकोळ वाटला, तरी खोल समुद्रात जाऊ पाहणाऱ्या नौकेसाठी तो निर्णायक असतो. आता उपग्रह, तरंगते बोये व संगणकीय प्रतिरूपे यांच्या साहाय्याने लाटांची उंची, आवर्तकाल व आगमनाची वेळ यांचे पूर्वानुमान काही दिवस आधी करता येते. भारतात हे कार्य भारतीय हवामानशास्त्र विभाग व हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या संस्था करतात. अटलांटिकसाठी मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र सूचना प्रसृत करते.

वादळाच्या संभाव्य मार्गाचा जो नकाशा प्रसिद्ध होतो, तो फक्त केंद्राच्या मार्गाविषयीची अनिश्चितता दाखवितो. परिणामांची सीमा दाखवीत नाही. आपले गाव त्या मार्गाबाहेर आहे एवढ्यावरून तेथील समुद्र सुरक्षित ठरत नाही. अशा काळात खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यावरून होडी काढणे, खडकांवर व धक्क्यांच्या टोकांवर उभे राहणे आणि निरभ्र आकाश पाहून समुद्रस्नानास जाणे टाळणे इष्ट असते. वादळ दूर निघून गेल्यावरही लाटांचा जोर लगेच ओसरत नाही. कारण आखूड लाटा सर्वांत शेवटी पोहोचतात. किनाऱ्यावरील लाटांचा आवर्तकाल हळूहळू कमी होत जाऊन त्यांची उंची नेहमीच्या प्रमाणावर आली, म्हणजे वादळाचा परिणाम संपला असे समजण्यास हरकत नसते.